शेकरांचा झगा आणि आपली काचळी

आज वाशिममध्ये बसून अमेरिकेतल्या शेकर पंथाविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, त्यांचा आपला काय संबंध? आहे. आपल्याला पोहरादेवीपर्यंत जायचंय.

शेकर हा ख्रिस्ती पंथ. १७७४ साली अ‍ॅन ली मोजक्या अनुयायांसह इंग्लंडहून न्यूयॉर्कला आल्या. एकत्र राहायचं, कष्ट करायचे, ब्रह्मचर्य पाळायचं. कपडे साधे, शिवण नेटकी. घरात मूल जन्मत नव्हतं. बाहेरून येणारी माणसं आटली तशा वस्त्याही ओसरल्या.

१९३५ साली, मंदीच्या काळात, सरकारनं बेकार चित्रकारांना काम दिलं: जुन्या वस्तू जलरंगात नोंदवा. हाच ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. १९४२ पर्यंत सुमारे १८ हजार चित्रं झाली. त्यात शेकर बायकांचे झगे, टोप्या, खुर्च्या, लाकडी डबे आहेत. मग फोटो का नाही काढले? रंगीत फोटो तेव्हा महाग, आणि रंग टिकण्याची खात्री नाही. चित्रकार वस्तू समोर ठेवून कापडाची वीण, टाका, झिजलेली कडसुद्धा रंगवत. सोबत माहितीचा कागद असे: वस्तू कशाची, माप किती, कुणाकडची.

ही कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक रूथ रीव्ह्ज, कापडाच्या डिझायनर. त्या १९५६ साली भारतात आल्या, इथल्या हस्तकलांवर काम केलं आणि १९६६ साली दिल्लीतच वारल्या.

आता मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला येऊ. बंजारा समाजाचं हे श्रद्धास्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. फार चांगलं झालं. पण नुसती काचेआडची काचळी बघून आरसा कसा बसवला, हे कळत नाही. ते आजीलाच विचारावं लागतं.

तांड्यावरच्या नाती आता साडी, ड्रेस घालतात. तो त्यांचा हक्कच आहे. जुने फेटिये मात्र विकले जातात, कापून त्यांच्या पिशव्या नि उशांचे अभ्रे होतात. तुकडा उरतो, पोशाख जातो.

शेकरांचे जुने कपडे रंगवले गेले, तेव्हा ते शिवणारे हात बहुतेक गेले होते. आपल्याकडे ते हात अजून आहेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच: शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी चार पोरं घेऊन आजीजवळ बसावं. काचळी रंगवावी. टाक्याचं गोरबोलीतलं नाव लिहावं. आणि आजीला विचारून तिचंही नाव लिहावं. अमेरिकेतल्या त्या चित्रांवर चित्रकाराचं नाव सापडतं, शिवणारणीचं पुष्कळदा नाही. ती चूक आपण टाळू शकतो.