एका तक्त्यावर अनेक हात

हिशेबाची वही एका वेळी एकाच कारकुनाच्या हाती असावी, हा दफ्तराचा दंडक कागदाच्या स्वभावातूनच आलेला होता. आणि १९७९ साली डॅन ब्रिक्लिन व बॉब फ्रँक्स्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा कोष्टकांचा कार्यक्रम ॲपलच्या संगणकावर अवतरला, तेव्हा एक आकडा फिरवताच साऱ्या बेरजा आपोआप फिरण्याचे नवल लोकांनी पाहिले खरे, परंतु त्या तक्त्याचा अंमल पूर्ववत एका खुर्चीवरील एकाच माणसाकडे राहिला.

पुढे कचेऱ्यांतील संगणक एकमेकांस जोडले गेले, तरी सामायिक जागी ठेवलेली फाइल एकाने उघडली की इतरांस ती केवळ वाचण्यापुरती मिळे. निकड असलेल्याने तिची नक्कल करून आपले आकडे भरावे आणि सायंकाळी एकाच ताळेबंदाच्या परस्परविसंगत प्रती हाती याव्यात, हा नित्याचा परिपाठ झाला. ‘एक्सेल ९७’ने सामायिक वर्कबुकाची तजवीज केली, तथापि एकाचे फेरफार दुसऱ्यास दिसत ते फाइल जतन केल्यानंतरच, आणि एकाच घरात दोघांचे भिन्न आकडे पडले असल्यास कोणता राखावा, याचा निवाडा मागाहून जतन करणाऱ्यावर येऊन पडे.

खरी अडचण याहून सूक्ष्म होती. एकजण पाचव्या ओळीच्या वर नवी ओळ घालतो आणि त्याच क्षणी, ते ठाऊक नसलेला दुसरा, आठव्या ओळीत रक्कम लिहितो. ती रक्कम जशीच्या तशी आठव्या ओळीत टाकली तर ती भलत्याच खात्यावर चढते, म्हणून यंत्राने ती नवव्या ओळीत नेली पाहिजे. लिहिणाऱ्याच्या हेतूला धक्का न लावता त्याच्या कृतीचे असे रूपांतर करण्याचा विचार १९८९ साली एलिस व गिब्ज या संशोधकांनी मांडला, आणि १९९५ मध्ये ‘झेरॉक्स पार्क’ या संशोधन केंद्राच्या ‘ज्युपिटर’ प्रणालीने मध्यवर्ती सर्व्हरच्या साहाय्याने त्यास सुटसुटीत रूप दिले. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत थोर कामगिरी हीच; कारण फाइलीला कुलूप लावण्याऐवजी प्रत्येकाच्या लहानशा कृतीचा मान राखण्याची दृष्टी येथे प्रथम दिसते.

जून २००६ मध्ये ‘गूगल स्प्रेडशीट्स’ आले आणि ब्राउझरमधील एकाच तक्त्यावर अनेकांस एकसमयावच्छेदेकरून लिहिता येऊ लागले. एक्सेलच्या वेब आवृत्तीने २०१० च्या सुमारास, तर संगणकावरील मूळ एक्सेलने २०१७ मध्ये हीच वाट धरली. तरीही गणिताने न सुटणारे प्रश्न उरलेच: एकाने आपल्या सोयीसाठी चाळणी लावली की सर्वांच्याच पडद्यावरील ओळी अदृश्य होत, आणि ऐन आकडे भरीत असलेल्या सहकाऱ्याच्या दृष्टीआड त्याची ओळ जाई, त्यावर उपाय म्हणून प्रत्येकास स्वतःपुरती चाळणी लावू देणारी ‘फिल्टर व्ह्यू’ची योजना पुढे करावी लागली.