पखवाज-शिक्षण, बालवयातील (बीड जिल्हा)

लहान मुलांना पखवाज शिकवण्याची बीड जिल्ह्यातील परंपरा प्रामुख्याने वारकरी कीर्तन-भजनाच्या आधाराने वाढली. अंबाजोगाई तालुक्यातील आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर आणि त्यांचे पुत्र उद्धवबापू यांच्यामुळे इथला पखवाज शास्त्रीय संगीताच्या मंचावर पोहोचला. (हे आपेगाव पैठणजवळच्या, ज्ञानेश्वरांच्या आपेगावाहून वेगळे.)

शिक्षणाची सुरुवात वाद्यावर नव्हे, तोंडी होते. ‘ता, धि, थुं, ना’ असे बोल मूल म्हणते आणि हाताने टाळी-खाली दाखवते. मोठ्या पखवाजाच्या दोन्ही तोंडांपर्यंत लहानग्याचे हात नीट पोहोचत नाहीत, म्हणून आधी लहान आकाराचा पखवाज देणे उत्तम. उजव्या पुडीवर शाई असते; डाव्या पुडीला वादनापूर्वी गव्हाची भिजवलेली कणीक थापतात. ती कमी-जास्त करून खर्ज जुळवायचा आणि वादन संपल्यावर खरवडून काढायची. कान तयार होतो तो याच कामात. ते गुरूने स्वतः उरकून टाकू नये.

पुढे आठ मात्रांचा भजनी ठेका, मग बारा मात्रांचा चौताल. वेगाची घाई हा या वयातला मोठा धोका: तळहाताचा खुला आघात पक्का होण्याआधी लय वाढवली, तर नाद कायमचा बोथट राहतो. हरिपाठात मोठ्यांच्या शेजारी बसून ठेका धरणाऱ्या मुलाला मात्र लय सांभाळण्याची सवय आपोआप लागते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही पखवाजासाठी देता येतात.