खाणाऱ्याला विचारले होते का?

टोमॅटो हे फळ की भाजी, हा वाद १८९३ साली थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्या काळी तिथे परदेशातून येणाऱ्या भाजीवर जकात होती, ताज्या फळांवर नव्हती. टोमॅटो मागवणाऱ्या व्यापाऱ्यांचे म्हणणे असे, की शास्त्राप्रमाणे हे फळ आहे, तेव्हा आमची जकात परत करा. न्यायमूर्तींनी शास्त्र मान्य केले आणि निकाल मात्र व्यापाऱ्यांच्या विरुद्ध दिला. वनस्पतिशास्त्र काहीही सांगो, लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतर फळ म्हणून खात नाहीत. सबब तो भाजीच. मला या निकालातली एक गोष्ट फार आवडते. ताटातल्या वस्तूचे नाव ठरवताना न्यायालयाने अखेर खाणाऱ्याकडे पाहिले.

आज मी बोलणार आहे ते एका टोमॅटोबद्दल, एका पपईबद्दल आणि शेवटी आपल्या वांग्याबद्दल. झाडाने कसे वाढावे, फळाने कधी पिकावे, याच्या सूचना ज्यात असतात त्याला आपण जनुक म्हणतो. या तिन्ही फळांच्या जनुकांत माणसाने प्रयोगशाळेत बदल केले. मी कला शाखेचा पदवीधर, त्यात कवी. ही फळे चांगली की वाईट, याचा निकाल देण्याचा मला अधिकार नाही. मला कुतूहल आहे ते खाणाऱ्या माणसाचे. असे फळ समोर आल्यावर तो कधी हो म्हणतो आणि कधी ताट सारतो? आणि कशामुळे?

पहिले असे फळ बाजारात आले ते १९९४ साली, अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या कॅलजीन या कंपनीने एक टोमॅटो तयार केला. टोमॅटो पिकू लागला की त्यातले एक द्रव्य त्याच्या पेशींच्या भिंती विरघळवत जाते आणि फळ मऊ पडते. कंपनीने ते द्रव्य तयार करणारे जनुक जवळजवळ मुके केले. हेतू असा, की फळ वेलावरच पिकावे, रंग-चव धरावी आणि तरी दुकानापर्यंत टिकावे. कंपनीने काही लपवले नाही. सरकारी खात्याकडे आपणहून कागदपत्रे दिली, दुकानात फळाजवळ माहिती ठेवली. लोकांनी टोमॅटो विकत घेतला. तो पुढे बंद पडला, पण लोकांच्या भीतीने नव्हे. उत्पन्न कमी येई, वाहतुकीत फळ दबे, खर्च निघेना. १९९७ पर्यंत तो बाजारातून गेला.

खरी गोष्ट घडली ती इंग्लंडमध्ये. फेब्रुवारी १९९६ मध्ये सेन्सबरी आणि सेफवे या तिथल्या दोन मोठ्या दुकानसाखळ्यांनी टोमॅटोच्या घट्ट रसाचे डबे विकायला ठेवले. झेनेका कंपनीचा हा टोमॅटो. त्याच्याही जनुकात तसाच बदल केलेला. रस दाट असल्याने आटवायला जळण कमी लागे आणि डबा नेहमीच्या डब्यापेक्षा सुमारे २० टक्के स्वस्त पडे. डब्यावर स्पष्ट छापले होते, की हा जनुकबदल केलेल्या टोमॅटोचा आहे. शेजारीच साधा डबाही असे. ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. इंग्रज गृहिणींनी मजकूर वाचला, किंमत पाहिली आणि नवा डबा पिशवीत टाकला. कित्येक दुकानांत तो जुन्यापेक्षा जास्त खपला. १९९९ च्या सुरुवातीपर्यंत असे १८ लाखांहून अधिक डबे विकले गेले.

आणि त्याच १९९९ साली दोन्ही साखळ्यांनी तो फळीवरून काढून टाकला. गिऱ्हाईक त्याला हात लावेना! टोमॅटो तोच, डबा तोच, गिऱ्हाईकही तेच. तीन वर्षांत बदलले ते काय?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८० च्या दशकात इंग्लंडच्या गोठ्यांत गाई लडखडू लागल्या, कोसळू लागल्या. लोक त्याला वेड्या गाईंचा रोग म्हणत. गवत खाणाऱ्या जनावरांना मेलेल्या जनावरांच्या मांसाची आणि हाडांची भुकटी खाऊ घातली जात होती. माणसाला यापासून धोका नाही, असे सरकार सांगत राहिले. मे १९९० मध्ये जॉन गमर या शेतीमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर स्वतःच्या चिमुरड्या मुलीच्या तोंडाशी गोमांसाचा बर्गर धरला. बघा, माझी मुलगीसुद्धा खाते! पुढे २० मार्च १९९६ रोजी त्याच पक्षाच्या सरकारला पार्लमेंटमध्ये सांगावे लागले, की माणसांच्या मेंदूला झालेल्या एका नव्या आणि जीवघेण्या रोगाचा या गाईंशी संबंध असण्याची शक्यता आहे. टोमॅटोचा डबा दुकानात येऊन तेव्हा जेमतेम एक महिना झाला होता.

गंमत अशी, की त्यानंतरही डबा खपत होता. म्हणजे लोक लगेच बिथरले नाहीत. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतून सोयाबीनची जहाजे युरोपच्या बंदरांना लागली. त्या मालात जनुकबदल केलेले सोयाबीन साध्या सोयाबीनमध्ये मिसळलेले होते. वेगळे काढता येत नाही, काढण्याची गरजही नाही, असे पाठवणाऱ्यांचे म्हणणे. सोयाबीन काय, बिस्किटापासून पावापर्यंत कशातही असते. टोमॅटोच्या डब्याने विचारले होते, 'घेता का?' सोयाबीनने काहीच विचारले नाही.

मग ऑगस्ट १९९८ मध्ये अर्पाद पुस्तई नावाच्या शास्त्रज्ञाने दूरदर्शनवर सांगितले, की जनुकबदल केलेले बटाटे खाऊ घातलेल्या उंदरांवर वाईट परिणाम दिसले. हे काम तोपर्यंत कुठेही प्रसिद्ध झालेले नव्हते. त्यांच्या संस्थेने त्यांना कामावरून दूर केले. १९९९ मध्ये रॉयल सोसायटीने प्रयोगात दोष असल्याचा निर्वाळा दिला. पण निर्वाळा कोण ऐकणार? लोकांनी ऐकली ती एवढीच गोष्ट, की एका माणसाने तोंड उघडले आणि त्याला घरी पाठवले. वर्तमानपत्रांनी राक्षसी अन्न म्हणून मथळे दिले. बटाट्याचा राग टोमॅटोच्या डब्यावर निघाला. ज्याने खरे सांगून धंदा केला होता, तोच बुडाला. सोयाबीनवर नाव नव्हते, त्याला कोण शोधणार?

आता पपईकडे वळू. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर पुना नावाचा भाग आहे. नावापुरता आपल्या पुण्याचा भाऊ. हवाईची बहुतेक पपई तिथे होत असे. पपईवर एक विषाणू पडतो. फळावर गोल गोल वळी उठतात, पाने आखडतात, झाड खुरटते. आपल्याकडच्या पपई बागायतदारांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. हवाईत ओआहू बेटावरच्या बागा त्याने आधीच संपवल्या होत्या, म्हणून तर बागा पुनात गेल्या. १९९२ मध्ये रोग तिथेही पोचला. १९९८ पर्यंत पीक निम्म्यावर आले.

डेनिस गोन्साल्विस हे शास्त्रज्ञ हवाईतच जन्मलेले, पुढे अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात गेलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच यावर काम सुरू केले होते. विषाणूच्या कवचाचे एक जनुक त्यांनी पपईत घातले. आपण लस टोचतो त्याची आठवण व्हावी, असा हा उपाय. झाडे तगली. या तंत्राची पेटंटे ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडून बागायतदारांच्या समितीने परवाने मिळवले आणि मे १९९८ मध्ये बी शेतकऱ्यांना फुकट वाटले. या पपईचे नाव रेनबो, म्हणजे इंद्रधनुष्य.

तारखा पाहा. इंग्लंडमध्ये पुस्तईंचे वादळ उठले ते ऑगस्ट १९९८ मध्ये. त्याच्या तीनच महिने आधी हवाईत बी वाटले गेले, आणि तिथल्या लोकांनी ती पपई खाल्ली. कारण समोर वाळलेली बाग होती, बी देणारा माणूस त्या मातीतला होता आणि बियाण्यावर कुणाचा गल्ला नव्हता. असे असूनही सगळे गोड झाले नाही. जपानी गिऱ्हाईक ही पपई घेईना. जपानने परवानगी दिली ती २०११ च्या डिसेंबरमध्ये, तीही नाव छापण्याच्या अटीवर. साधी पपई पिकवणाऱ्यांना शेजारच्या परागांची धास्ती वाटू लागली. २०१० नंतर पुनात काही बागांमध्ये रातोरात हजारो झाडे तोडली गेली. २०१३ मध्ये त्या बेटाने नव्या जनुकबदल पिकांवर बंदीचा कायदा केला, पण त्यातून पपई वगळली. न्यायालयांनी पुढे तो कायदाच रद्द ठरवला, ते असो. पण बंदी घालणाऱ्यांनीही पपईला हात लावला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपले घर. जालन्याच्या महिको कंपनीने वांग्यात बॅसिलस थुरिंजेन्सिस या जिवाणूचे जनुक घातले. त्यालाच आपण बीटी म्हणतो. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी त्याने मरते. या अळीसाठी वांग्यावर किती फवारे मारावे लागतात, ते शेतकऱ्याला विचारा. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या समितीने बीटी वांग्याला मान्यता दिली. मग एक अपूर्व गोष्ट घडली. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या, त्यांत आपले नागपूरही होते. बाजूचे आले, विरोधातले आले, घोषणा झाल्या, भांडणे झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी स्थगिती दिली. नंतर बांगलादेशाने तेच बीटी वांगे स्वीकारले आणि २०१४ च्या जानेवारीत पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपे दिली. कोण बरोबर, यावर आजही वाद आहे. पण भाजीच्या बाबतीत सामान्य माणसाला सभेत उभे राहून बोलता आले, ही आपल्याकडची नवलाईच होती.

आणि याच महाराष्ट्रात २००२ पासून बीटी कापूस आहे. त्या कापसाच्या सरकीचे तेल निघते, ते आपल्या खाण्यात येते. पेंड गाईम्हशी खातात. तेलात जनुकाचा किंवा प्रथिनाचा अंश जवळजवळ उरत नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात, आणि ते खोटे मानायचे मला कारण नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनेही २०१६ मध्ये मोठा अहवाल देऊन म्हटले, की बाजारात असलेल्या जनुकबदल पिकांच्या अन्नाने माणसाला जास्त धोका असल्याचा ठोस पुरावा नाही. तरी मनात येते, वांग्यासाठी सात सुनावण्या आणि तेलासाठी एकही नाही?

लहानपणी आमच्या वाड्यात मी दोन बायकांना एकच प्रश्न विचारताना ऐकत आलो. शेजारच्या काकू बेकरीवाल्याला विचारत, 'यात अंडे तर नाही ना?' माझी अम्मी खाटकाला विचारी, 'हलाल आहे ना?' बेकरीवाला रागावत नसे, खाटीकही रागावत नसे. तुम्ही अडाणी आहात, अंड्यात प्रथिने असतात, असे व्याख्यान त्यांनी कधी दिले नाही. प्रश्नाचे उत्तर दिले, आणि दोन्ही बायकांनी पिशवी पुढे केली. तेच गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकले. पाकिटावरचा हिरवा ठिपका दुसरे काय आहे? काकूंचा प्रश्नच सरकारने छापून दिला.

जनुकबदल केलेल्या फळाला नाही म्हणणाऱ्या माणसाला आपण फार चटकन अज्ञानी ठरवतो. इंग्लंडच्या डब्याची गोष्ट वेगळे सांगते. ज्यांनी १९९६ मध्ये मजकूर वाचून तो विकत घेतला, ते अज्ञानी नव्हते. १९९९ मध्ये तो नाकारणारेही तेच होते. मधल्या काळात त्यांना कुणीतरी न विचारता खाऊ घातले होते आणि मंत्र्यांनी हसतमुखाने दिलेला भरवसा खोटा ठरला होता. माणूस एकदा असा दुखावला, की मग तो खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही, आणि त्यात चांगले फळही वाया जाते. शेतकऱ्याच्या हाती येऊ शकणारा एखादा चांगला उपायही असाच वाया जाईल, याची मला जास्त भीती वाटते.

उद्या आपल्या बाजारात अशी पपई येईल, वांगेही येईल कदाचित. मी ते खाईन की नाही, आज सांगता येत नाही. विकणाऱ्याला मी आधी अम्मीसारखे विचारीन. तो नीट उत्तर देतो की माझ्यावर हसतो, त्यावर माझी पिशवी पुढे होईल की नाही, ते ठरेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)