पाडव्याचा झेंडू आणि 1886 साल

आजचा भाग फुलांचा आणि माळव्याचा. माळवं म्हणजे भाजीपाला, हे आपल्या पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. सुरुवात एका तारखेपासून करू: 25 मार्च 2020. लॉकडाऊनचा पहिला दिवस म्हणून ही तारीख सगळ्यांच्या डोक्यात बसलीय. पण त्याच दिवशी गुढीपाडवा होता, हे किती जणांना आठवतं? ज्यांच्या रानात झेंडू तोडायला आला होता, त्यांना नक्की आठवतं.

माझं गाव सिरसाळा. परळी तालुक्यातलं, परळीहून तेलगावमार्गे बीडला जाणाऱ्या रस्त्यावरचं. बीड जिल्हा म्हटलं की लोकांना ऊसतोड आठवते. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन माणसं कोयत्यावर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पण विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकलं आणि अर्धा-एक एकर फुलं-माळवं जमलं, तर ते घर उचल न घेता गावात राहू शकतं. आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, असंच आहे. वीस गुंठ्यांत झेंडू आणि गलांडा, बाकी मेथी, कोथिंबीर, वांगी, गवार. म्हणून वसंत ऋतू आमच्याकडं कवितेचा कमी आणि हिशोबाचा जास्त.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळं मला हे रिलीज डेटसारखं दिसतं. पाडवा ही डेडलाइन. तिथून उलटं मोजायचं: रोप लावल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने, त्याआधी रोप तयार व्हायला तीन-चार आठवडे. पण ही डेडलाइन दरवर्षी हलते. 2023 ला पाडवा 22 मार्चला, 2024 ला 9 एप्रिलला, 2025 ला 30 मार्चला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, आणि अधिक महिना आला की गाडी परत पुढं. आमच्या कंपनीत रिलीज पुढं ढकलता येतं, मीटिंग घेतली की झालं. झेंडू तोडला की दोन-चार दिवसांत मान टाकतो.

मजा म्हणजे ज्या झेंडूशिवाय आपलं तोरण होत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा. तिथं मृतांच्या सणाला आजही घराघरात झेंडू लागतो. निशिगंधही तिकडचाच. आणि गलांडा? तो अमेरिकेतला गॅलार्डिया, ज्याला अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच न्यायाधीशाचं नाव दिलंय. आपण त्याचं गलांडा केलं आणि तो अस्सल मराठवाडी झाला!

मिरची पण तिकडूनच आली, पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. आता गंमत बघा. अरणच्या संत सावता माळ्यांनी 1295 साली समाधी घेतली असं मानतात, आणि त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध अभंगात मिरची येते. मग? मला वाटतं, गाणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या आपल्या मळ्यातलं माळवं त्या अभंगात घातलं असणार. मला तरी हे आवडतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, बाजार. 1886 साल ध्यानात ठेवा, कारण त्या एका सालात दोन गोष्टी झाल्या. पुण्यात रे मार्केट उघडलं, म्हणजे आजची मंडई. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर भरायचा. आणि तिकडं वऱ्हाडात, कारंज्याला, देशातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार सुरू झाला. तो होता कापसासाठी, कारण इंग्रजांच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता. थोडक्यात, कापसाला नियम मिळाला आणि भाजीला छप्पर.

मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. कापूस घरात साठवून ठेवता येतो, भाव पडला तर महिनाभर थांबता येतं. मेथीची जुडी दुपारपर्यंत सुकते. घासाघीस करताना ज्याच्याकडं वेळ नाही तो हरतो. म्हणजे नियमाची गरज भाजीवाल्याला जास्त होती.

हे तेव्हा कुणी ओळखलं नव्हतं का? ओळखलं होतं की. जोतीराव फुले. त्यांचं मूळ आडनाव गोऱ्हे, घराण्यानं पेशव्यांकडं फुलं पुरवली म्हणून फुले झाले. वडील गोविंदराव भाजी आणि फुलांच्याच धंद्यातले. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव लिहितात, की गाडीभर माळवं शहरात आणलं तर ते दलाल आणि म्युनिसिपालिटीच्या घशात जातं आणि गाडीभाडं शेतकऱ्याच्या अंगावर पडतं. शब्द त्यांनीही ‘माळवे’ हाच वापरलाय. आणि हेच जोतीराव नगरपालिकेचे सभासद असताना मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालायच्या विरोधात होते. तो शिक्षणावर खर्च करा म्हणत होते. पुढं आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला त्यांचं नाव मिळालं. महात्मा फुले मंडई!

आमचा भाग तेव्हा निजामाचा. हैदराबाद संस्थानात बाजार कायदा 1339 फसलीत, म्हणजे 1930 च्या आसपास आला. सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मोकळा झाला, पुढं महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समिती कायदा आला. अण्णांच्या जुन्या पट्ट्या मी बघितल्यात. आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं असं एकेक वजा करत जातात. एका पट्टीवर तर शेवटी उणे आकडा आहे. तिन्ही क्रेट माल दिला आणि वर भाड्याचे पैसे खिशातून. फुल्यांच्या त्या ओळीला तेव्हा सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली होती.

जुलै 2016 मध्ये दोन बदल झाले. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून काढला, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारानं द्यायची ठरलं. कागदावर मोठी गोष्ट. पण आडत्या फक्त विकत नाही, तो रोपांना, खताला पैसेही देतो. ज्याचं देणं आहे, त्याचा माल त्याच्याच गाळ्यावर जातो.

आणि मग 2020 चा पाडवा. देवळं बंद, बाजार बंद, लग्नं बंद. माळव्याला निदान दारोदारची परवानगी होती, माणसाला खायला लागतंच. फुलाला कुणी विचारेना. राज्यभरात लोकांनी उभ्या फुलांत रोटाव्हेटर फिरवला. अण्णांनीही. त्या दोन महिन्यांत घर चाललं ते मेथी आणि वांग्यावर, मोटारसायकलवर क्रेट बांधून गल्लीगल्लीत विकलेल्या.

तेव्हापासून त्यांनी झेंडू दहा गुंठ्यांवर आणलाय, उरलेल्या दहात माळवं. माळवं काकू स्वतः आठवडी बाजारात बसून विकतात आणि भाव त्याच सांगतात. संध्याकाळी उरलं तर त्याच उतरवतात. झेंडू-गलांडा मात्र अजून आडत्याकडंच जातो, कारण क्विंटलभर फूल बाजारात बसून कोण विकणार?

तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, आणि तिथं माळवं घेऊन शेतकरी बसतो का व्यापारी, हे कळवा. भेटू पुढच्या भागात.