झाडांचे माहेर

तुमच्या घरी झाडे किती, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन मोजून सांगाल. अंगणात दोन, गॅलरीत सात कुंड्या, शिवाय खिडकीत बाटलीतला मनीप्लांट. पण "ही झाडे मूळची कुठली?" असे विचारले तर? बहुतेक जण म्हणतील, "कुठली म्हणजे? इथलीच की!" मीही एके काळी असेच म्हणत होतो, आणि त्या अज्ञानाची किंमत एका जुन्या झाडाच्या फांद्यांनी मोजली. ती हकीकत पुढे येईलच. आधी थोडा इतिहास पाहू. घरातले झाड निवडायचे कसे आणि जपायचे कसे, याचे निम्मे उत्तर त्या इतिहासातच आहे.

आपले नाशिक हे झाडांच्या नावाने ओळखले जाणारे गाव. गंगेपलीकडे पंचवटी. पाच वडांवरून हे नाव पडले असे लोक सांगतात, आणि सीतागुंफेजवळ ते वड दाखवतातही. पुराणातली पंचवटीची व्याख्या मात्र निराळी आहे. पिंपळ, बेल, वड, आवळा आणि अशोक अशी पाच झाडे नेमून दिलेल्या दिशांना लावली, की पंचवटी होते. पांडवलेण्यांत गेलात, तर क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख भिंतीवर कोरलेले दिसतील. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या त्या लेखांत, इतर दानधर्माबरोबर, बत्तीस हजार नारळीची झाडे दान दिल्याची नोंद आहे. पुढे मोगल अमलात गावाचे नावच गुलशनाबाद, म्हणजे फुलबागेचे गाव, असे झाले. पेशव्यांचा अंमल बसल्यावर जुने नाव परत आले, पण फुलांचा लौकिक राहिला.

घराजवळ कोणते झाड असावे, याचा विचारही आपल्याकडे जुनाच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत तो मांडला आहे. घरालगत काटेरी झाड असू नये, त्याने शत्रूचे भय. चिकाचे झाड असू नये, त्याने धनाचा नाश. तोडणे जमत नसेल तर मध्ये अशोक, बकुळ अशी चांगली झाडे लावावीत. आता हे वाचून कोणी हसेल. पण चिकाची झाडे म्हणजे कोणती, ते आठवून पाहा. वड, पिंपळ, उंबर! जुन्या नाशकात ज्यांनी वाड्याच्या भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप "देवाचे झाड, कसे उपटायचे?" म्हणून ठेवले, त्यांना धनाचा नाश म्हणजे काय ते विचारा. दहा-पंधरा वर्षांत मूळ भिंत दुभंगते आणि गवंड्याचे बिल हातात येते. भाषा शकुन-अपशकुनाची, पण तिच्या पोटात अनुभव दडलेला.

त्याच ग्रंथात झाडांमधल्या अंतराचे मापही आहे. वीस हात उत्तम, सोळा मध्यम, आणि बारा हातांपेक्षा कमी तर नकोच. हात म्हणजे दीड फूट धरला, तर उत्तम अंतर तीस फूट होते. आज आपण बंगल्याच्या दहा फुटी मोकळ्या पट्टीत गुलमोहर, पाम आणि आंबा एका रांगेत लावतो आणि पाच वर्षांनी कुऱ्हाड शोधतो. रोप हातभर असते तेव्हाच ते मोठेपणी केवढे होणार, हे डोळ्यांपुढे आणायला हवे.

आता परदेशी पाहुण्यांकडे वळू. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजे अमेरिका खंडाकडून पूर्वेला येऊ लागली, तशी तिकडची झाडे हळूहळू आपल्या किनाऱ्याला लागली. आपल्या दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोकडचा. देवळापुढचा पांढरा चाफा, ज्याला आपण खुरचाफा किंवा देवचाफा म्हणतो, तोही त्याच मुलखातला. पिवळा सुगंधी सोनचाफा मात्र आपला, बरं का! नावात चाफा असला तरी दोघांचे कूळ वेगळे.

तरीही समुद्रावरून जिवंत रोप आणणे फार अवघड होते. खारे वारे, गोड्या पाण्याची टंचाई, महिनोन्‌महिने प्रवास. बहुतेक रोपे वाटेतच मरत. ही अडचण सोडवली लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड नावाच्या एका डॉक्टराने. १८२९ च्या सुमारास त्याने पतंगाचा कोश पाहण्यासाठी बंद बाटलीत ओलसर माती घालून ठेवली होती. त्या मातीतून एक नेचा उगवला आणि कोणी पाणी न घालताही टिकला. आतले बाष्प काचेला लागे, थेंब होऊन पुन्हा मातीत पडे. वॉर्डने मग काचेच्या घट्ट पेट्या करवल्या आणि १८३३ मध्ये त्यांत रोपे घालून त्या थेट ऑस्ट्रेलियाला पाठवल्या. रोपे जिवंत पोचली. पुढे चीनमधला चहा हिमालयाच्या उतारावर आला तोही अशाच पेट्यांतून.

आपल्या बाजूला मुंबईची राणीची बाग १८६२ साली सुरू झाली, पुण्याची गणेशखिंडीतली वनस्पतिबाग १८७३ सालची. १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी चालू झाली आणि मुंबईहून नाशिककडे रोप आणणे दिवसभराचे काम झाले. बंगल्यांच्या व्हरांड्यांतून क्रोटन, नेचे आणि पाम यांच्या कुंड्यांच्या रांगा लागल्या. गावातल्या वाड्यांत चौकात तुळशीवृंदावन, परसात पारिजातक आणि जास्वंद. त्यांच्या शेजारी ही नवी मंडळी येऊन बसली. काही पिढ्या गेल्या आणि कोण घरचे, कोण पाहुणे, हे आपण विसरूनही गेलो.

ते विसरलो म्हणून काय बिघडले? आता माझी हकीकत सांगतो.

तिवंध्यात आमचा जुना वाडा होता. मागच्या परसात पांढरा चाफा. आजीच्या सासूने लावलेला. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वाडा पाडायचे ठरले आणि आम्ही कॉलेज रोडला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. निघताना आजीने एकच मागणे केले. "भांडीकुंडी तुम्ही काय न्यायची ती न्या. माझ्या चाफ्याच्या फांद्या तेवढ्या घे रे बाबा." मी तीन फांद्या तोडून घेतल्या. दोन त्याच संध्याकाळी कुंडीत खोचल्या आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागलो. गंगेकाठचे देवाचे झाड, तुळशीसारखेच पाणी मागणार, असा माझा हिशेब! वीस दिवसांत दोन्ही फांद्या बुडाशी काळ्या पडून मऊ झाल्या. उपटल्या तर हातात चिखलच आला. तोपर्यंत वाडा जमीनदोस्त झाला होता आणि चाफाही गेला होता. आजी काही बोलली नाही. तिने काही बोलावे असे मला फार वाटले.

तिसरी फांदी गॅलरीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रावर तशीच पडून राहिली होती. खालच्या बागेतल्या माळीबुवांना ती दाखवली. ते हसून म्हणाले, "अहो, हीच तेवढी नीट राहिली! हिचा चीक वाळलाय, जखम भरलीय. आता रेताड मातीत लावा आणि पाण्याचं नाव काढू नका." तसे केले. महिन्याभराने शेंड्याला हिरवे टोक फुटले. दुसऱ्या उन्हाळ्यात फुलांचा गुच्छ आला, आणि तो पाहायला आजी होती.

पुढे वाचनात आले, की हा चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या कोरड्या रानांतला. तिथे सहा महिने पाऊस आणि सहा महिने खडखडाट. म्हणून तो खोडात पाणी साठवतो आणि थंडीत पाने टाकून झोपी जातो. पौष-माघात तो उघडाबोडका दिसला की तो वाळला असे समजून आपण पाणी ओततो, आणि तेच त्याला मारते. झाडाचे माहेर मला ठाऊक असते, तर दोन फांद्या वाचल्या असत्या.

सून घरात आली की समंजस सासू विचारते, "तुमच्याकडे तिखट कितपत चालतं ग?" झाडाला तोंड नाही, म्हणून आपणच त्याच्या माहेरची चौकशी करायची. मनीप्लांट दक्षिण समुद्रातल्या मोरेआ बेटावरचा. रानात तो मोठ्या झाडांच्या खोडांवर चढतो. त्याला कडक ऊन नको, पण उजेड हवा. आणि चढायला ओलसर काठी दिली की पाने मोठी होतात. क्रोटन पूर्वेकडच्या उष्ण, दमट बेटांवरचा. अंधाऱ्या दिवाणखान्यात ठेवला तर त्याचे रंग उडून तो नुसता हिरवा पडतो, आणि नाशिकच्या थंडीत रात्री वारा लागला तर पाने गाळतो. सापासारख्या पट्ट्यांचा स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा. कुंडीतली माती पूर्ण सुकल्यावरच त्याला पाणी. बोगनवेल ब्राझीलकडची. भरपूर ऊन आणि थोडी उपासमार असली की ती बहरते. लाड केले तर नुसती पाने. मादागास्करचा गुलमोहर डोळ्यांना सुखाचा, पण मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. त्याला मैदान द्या, घराची भिंत देऊ नका.

आणि इथलाच आहे म्हणून कुठेही चालेल, असेही नाही. खरा अशोक, ज्याला आपण सीताअशोक म्हणतो, तो सह्याद्रीतल्या ओढ्याकाठच्या सावलीतला. लहानपणी त्याला सावली आणि ओल दोन्ही हवीत. फाटकाशी सरळ उंच वाढणारा, लोंबत्या पानांचा, तो हा अशोक नव्हेच. रोप घेताना नावावर जाऊ नका. शेंदरी फुलांचे घोस येणारा तोच, हे विचारून घ्या.

बाकी निगा सोपी आहे. कुंडीच्या बुडाला भोक आणि त्यावर खापरीचा तुकडा. काळी माती एकटी घालू नका, ती पाणी धरून बसते. तीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळा. पाणी घड्याळ पाहून नव्हे, मातीत बोट घालून द्यायचे. पानांवरची धूळ आठवड्याने ओल्या फडक्याने पुसा.

आणि रोज एकदा त्याच्याकडे नीट पाहा. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि पुढे नाशकात चित्रपटांचा कारखाना थाटणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली मुंबईत, 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, एका कुंडीत वाटाणा पेरला. त्यापुढे कॅमेरा ठेवून सुमारे महिनाभर ते अंकुराची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. पडद्यावर तो महिना मिनिटा-दीड मिनिटात उलगडला. ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. एका कुंडीकडे महिनाभर पाहत राहणाऱ्या माणसाची ही कमाई.

तुमच्यापैकी कोणाचा वाडा आज ना उद्या पडायचा असेल, तर परसातली फांदी आत्ताच घेऊन ठेवा. मात्र खोचण्याआधी तिच्या माहेरची चौकशी करा. आमचा चाफा तिसऱ्या मजल्यावर अजून आहे. दर थंडीत तो सगळी पाने टाकतो, आणि आता मला त्याची भीती वाटत नाही.