दुकानाच्या पाटीवरून काळ कसा ओळखावा?

परभणी जिल्ह्यातील चारठाणा यादवकालीन मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावांचा विसाव्या शतकातील इतिहास मात्र बाजारपेठेतील जुन्या पाट्यांवर शोधावा लागतो.

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला.

म्हणूनच पाटीवरील पत्ता काळ सांगतो. त्यात ‘हैदराबाद राज्य’ असेल, तर पाटी बहुधा १९५६ पूर्वीची. पिन कोड असेल, तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची.

शिलालेख दगडात टिकतो. रंगाऱ्याने हाताने रंगवलेली पाटी फ्लेक्सआड गेली, की हा पुरावा नाहीसा होतो. तिचे छायाचित्र आधीच घेऊन ठेवावे.