सशाच्या ताटातला चुना

पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एकदा बाजारातून ससे आणले गेले. त्यांनी टेबलावर लघवी केली आणि बेर्नार चमकला. ती नितळ आणि आम्लधर्मी होती. सशाची लघवी एरवी गढूळ आणि अल्कधर्मी. नितळ, आम्लधर्मी असते ती मांसाहारी प्राण्यांची. हे ससे उपाशी असणार आणि स्वतःच्याच शरीरावर जगत असणार, असा तर्क त्याने केला. गवत घातल्यावर लघवी पुन्हा गढूळ झाली. मग पठ्ठ्याने सशांना चक्क उकडलेलं थंड गोमांस चारलं, तर ती परत नितळ! 1865 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रायोगिक वैद्यकावरच्या आपल्या पुस्तकात त्याने ही हकीकत दिली आहे.

सशाने काय खाल्लं हे त्याच्या लघवीत लगेच दिसतं, एवढं तेव्हाच कळलं होतं. पण या ज्ञानाचा उपयोग सशाची किडनी जपण्यासाठी करावा, असं पुढे कितीतरी वर्षं कोणाच्या मनात आलं नाही. कारण उघड आहे. ससा होता तो खाण्यासाठी. रोमन लोकांनी तो कुंपणात पाळला, मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीनदारांनी त्याच्यासाठी राखीव माळ ठेवले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या परसांत तो मांसाच्या टंचाईवरचा उपाय झाला.

अमेरिकेच्या कृषी खात्याने 1928 मध्ये कॅलिफोर्नियात फाँटाना इथे सशांसाठी संशोधन केंद्र काढलं, तेही प्रामुख्याने ससेपालनाच्या धंद्यासाठीच. सशाच्या खुराकात तिकडे लुसर्नला मोठा मान मिळाला. लुसर्न म्हणजे आपल्याकडे गाई-म्हशींसाठी लावतात ती लसूणघास. ती वाळवून, दळून केलेल्या गोळ्यांतून प्रथिनं भरपूर मिळत आणि पिल्लं झपाट्याने वाढत. कॅल्शियमही भरपूर मिळे, साध्या वाळल्या गवताच्या दोन-तीन पट. त्याची चिंता कोणी करायची? मांसाचा ससा दोन-तीन महिन्यांत कापला जाई. किडनी बिघडण्याइतकं आयुष्यच त्याच्या वाट्याला येत नव्हतं.

सशाचं शरीर कॅल्शियमच्या बाबतीत जरा वेगळंच चालतं. बहुतेक सस्तन प्राण्यांची आतडी अन्नातून गरजेपुरतं कॅल्शियम घेतात. सशाची आतडी मात्र ताटात जितकं जास्त, तितकं जास्त शोषतात आणि जादा कॅल्शियम बाहेर टाकायचं काम किडनीवर येतं. बस आणि बुर्दो या संशोधकांनी 1984 मध्ये प्रयोगशाळेतल्या सशांचा हा ताळेबंद मांडला. जर्मनीतल्या काम्फूस यांनी 1991 मध्ये त्याचा मूतखड्याशी संबंध तपासला. सशाच्या लघवीतला पांढुरका गढूळपणा म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, साध्या भाषेत चुना. किडनी थकली की हा चुना बाहेर पडेनासा होतो, रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि खुद्द किडनीतही ते साचू शकतं.

किडनी बिघडण्यात सगळा दोष ताटाचाच असतो असं नाही. सशांच्या मेंदूत आणि किडनीत ठाण मांडणाऱ्या एन्सेफॅलिटोझून या सूक्ष्म परजीवीचं वर्णन 1922 मध्येच झालं होतं.

खरा बदल झाला तो ससा घरात आल्यावर. मॅरिनेल हॅरिमन यांचं घरातल्या सशांवरचं पुस्तक 1985 मध्ये आलं आणि 1988 मध्ये कॅलिफोर्नियात ‘हाऊस रॅबिट सोसायटी’ उभी राहिली. ससा सोफ्याखाली आठ-दहा वर्षं जगू लागला आणि मांसाच्या धंद्यातला खुराक अंगाशी येऊ लागला. गोळ्या मोजून देणं आणि गवताचा ढीग सतत समोर ठेवणं, हा नवा रिवाज पडला.

तिकडे ब्रिटनमध्ये नेमकी उलटी चूक चालली होती. दाणे, काप आणि गोळ्यांचं रंगीत मिश्रण वाडग्यात पडे आणि ससा त्यातलं आवडेल तेवढंच वेचून खाई. कॅल्शियम असायचं ते नेमकं उरलेल्या गोळ्यांत. पशुवैद्य फ्रान्सिस हारकोर्ट-ब्राऊन यांनी 1990 च्या दशकात दात आणि जबड्याच्या दुखण्यांचा संबंध या कमतरतेशी जोडला. म्हणजे किडनीचा रुग्ण झाला तरी कॅल्शियम पार बंद करून चालत नाही.

म्हणून आजचा सल्ला मधला आहे: लसूणघास बंद, साधं वाळलं गवत हवं तेवढं, धुतलेला ओलसर पाला आणि भरपूर पाणी. झ्युरिकच्या संशोधकांना 2011 मध्ये आढळलं, की नळीच्या बाटलीपेक्षा उघड्या भांड्यातून पाणी पिणं सशांना जास्त पसंत असतं. पालाही निवडून द्यावा लागतो. बीट्रिक्स पॉटरच्या 1902 च्या गोष्टीतला पीटर ससा अतिखाण्याने बेजार होऊन पार्सली शोधत फिरतो. किडनीच्या रुग्णाला मात्र कॅल्शियमने भरलेली ही भाजी जपूनच द्यावी लागते.

आपल्याकडे लसूणघास सहज मिळते, हिरवीगार असते आणि ससे तिच्यावर तुटून पडतात. किडनीच्या आजाराचं निदान झालं असेल तर ती आणणं थांबवा, पण नवा चारा हळूहळू वाढवा. आणि सशाने दहा-बारा तास तोंडात काहीच घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.